लशीचं विष पिणारा मासा

मासा उलटा झाला आणि गाळ्यात जमलेल्या बायांच्या तोंडून एकदम ‘अगं बाई!’ निघालं. पुरुषांनी हात उंच करून मोबाइल धरले, तेवढाच फरक. काचेच्या बरणीत बोटभर मासा पांढरं पोट वर करून तरंगत होता. बरणीतून निघालेल्या काळ्या दोऱ्याचं दुसरं टोक एका गुटगुटीत बाळाच्या मांडीला बांधलेलं होतं, आणि ते बाळ गर्दीकडे बघत मजेत लाळ गाळत होतं.

“बघा!” निर्विषानंद महाराज गरजले. “सुईने घातलं, दोऱ्याने काढलं! लेकराच्या रक्तातलं लशीचं विष आता माशाच्या पोटात गेलं. पाणी कुणाचं?”

“आमचंच, महाराज,” बाळाची आई म्हणाली.

“कुठून आणलं?”

“घरून.”

“मी हात लावला?”

“नाही, महाराज!” हे उत्तर अख्ख्या गर्दीने दिलं.

सुकापुरातला हा गाळा पूर्वी टाइल्सच्या दुकानाचा होता. भिंतीवर बाथरूमच्या फरशांचे नमुने अजून चिकटलेले होते आणि महाराजांचं आसन नेमकं कमोडच्या मोठ्या पोस्टरखाली आलं होतं. मी खोडसाळपणे सांगत नाहीये, खरंच होतं. मागे भगवा पडदा होता, आणि त्याच्यामागून सारखा एक घुमल्यासारखा गुरगुर आवाज येत होता. तो अखंड ओंकार आहे, असं शिष्याने मला हळू आवाजात सांगितलं.

आता मी तिथे काय करत होते, ते सांगायला हवं. मी सुमती. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि खांदा कॉलनीत मुलाकडे राहते. मुलगा विश्वजीत, सून ऋचा, आणि आमची रेवा. रेवाला नुकते नऊ महिने पूर्ण झाले होते आणि तिची गोवराची लस द्यायची होती. तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

झालं होतं असं. साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर रेवाला सणकून ताप आला होता. ऋचा तेव्हा इतकी घाबरली की विचारू नका. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पण ऋचाची भीती काही उतरली नाही. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर महाराजांचा व्हिडिओ आला. मासा मरतो, बाळ हसतं, आई रडते. ऋचाने तो किती वेळा बघितला असेल देव जाणे.

“लस द्यायचीच नाही असं नाही म्हणत मी, आई,” ती मला म्हणाली. “आधीचं विष तर निघू दे. मग बघू.”

“मग बघू कसलं? महाराज सांगतात ना, विष काढल्यावर पुन्हा सुई लावली तर दुप्पट चढतं?”

“हो, ते आहेच,” ऋचा खाली बघत म्हणाली.

म्हणजे महाराजांकडे एकदा गेलं की गोवराची लस कायमची गेली. इकडे आमच्या मागच्याच बिल्डिंगमधलं सव्वा वर्षाचं बाळ गोवराने आजारी पडून, पुढे न्यूमोनिया होऊन दवाखान्यात होतं. माझ्या जिवाला घोर लागला होता. रेवा जिन्यात कुणाच्याही कडेवर जायची आणि मी धावत जाऊन तिला परत घ्यायचे.

मी माझ्या परीने ऋचाला समजावून पाहिलं. म्हटलं, बाबाने पाण्यात काहीतरी औषध टाकलेलं असणार. ती शांतपणे म्हणाली, “आई, पाणी आपल्याच घरचं असतं. तो बरणीला बोटसुद्धा लावत नाही.” म्हटलं, मग मासाच अर्धमेला असेल. तर तिने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत गुणाबाई होती! ही आमच्या सोसायटीच्या गेटवर मासे विकते. मूळची उरणजवळच्या करंजाची, आता मुलाबरोबर सुकापुरात राहते. तिने महाराजांचा मासा तळहातावर घेतला, कल्ले उचलून बघितले, आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, “मासा फस्क्लास हाय. कल्ले बगा कसं लालभडक हायत. तल्यातला हाय, गोड्या पान्यातला. जनम गेला माझा माशांत. ह्यो मासा असाच मरनार नाय. मेला, म्हंजे इखानंच मेला.”

झालं! ज्या बाईच्या शब्दावर अर्धी खांदा कॉलनी पापलेट घेते, तिनेच दाखला दिला. त्या दिवसापासून महाराजांच्या दारात रांग दुप्पट झाली. आणि गंमत अशी की गुणाबाई एका शब्दानेही खोटं बोलत नव्हती. मासा खरंच ठणठणीत होता. मग मरत कशाने होता? माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, आणि मास्तरणीला उत्तर न येणं फार झोंबतं.

शेवटी मी ऋचाशी करार केला. मीही बरोबर येते. माझ्या डोळ्यांसमोर मासा मेला तर मी लशीचं नाव काढणार नाही. काही गडबड दिसली तर तू रेवाला मुकाट्याने आरोग्य केंद्रात न्यायचं. ती लगेच हो म्हणाली. पणाला काय लावलंय ते मला मात्र कळत होतं.

महाराजांचे नियम ऋचाने पाठ केले होते. बाळ रोज पितं तेच पाणी आणायचं, म्हणजे उकळलेलं. चांगलं खळखळा उकळायचं, गरम असतानाच बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं, आणि बंद बाटलीतच ते गार होऊ द्यायचं. तिथे गेल्यावर ते बरणीच्या कडेने अगदी अलगद ओतायचं. वरून धार धरायची नाही, नाहीतर पाणी ‘जागं’ होतं. मग वर पळीभर खोबरेल तेल सोडायचं, म्हणजे विष बाहेर उडत नाही. हे सगळं ऐकून मी पोट धरून हसले होते. हसायच्या ऐवजी विचार केला असता तर बरं झालं असतं, पण ते असो.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मे महिन्याचा उकाडा, रिक्षा सिग्नलला अडकलेली, घसा कोरडा पडलेला. ऋचा रेवाला वारा घालत होती. पिशवीत रेवाच्या उकळलेल्या पाण्याची बाटली होती आणि माझी बाटली मी घरी विसरले होते. म्हटलं घोटभर घेऊ. घोटभर म्हणता म्हणता बाटली रिकामी! सुकापूरला उतरल्यावर कोपऱ्यावर पाणपोई दिसली. ऋचा रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून बोलत होती तेवढ्यात मी रांजणातून तीन-चार ओगराळी पाणी घेऊन बाटली भरली आणि पिशवीत टाकली. सुनेला सांगितलं नाही. कशाला उगाच कटकट!

सुरुवातीला सांगितलेल्या त्या गुटगुटीत बाळानंतर आमचा नंबर आला. ऋचाने पाणी अलगद ओतलं, तेल सोडलं. शिष्याने पडद्यामागून चपळ मासा आणून बरणीत टाकला. रेवाच्या मांडीला दोरा बांधला. महाराजांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला, “निर्विषं निर्विषं सूचीविषं निर्गच्छ निर्गच्छ...”

मासा फिरू लागला. फिरतच राहिला. महाराजांनी एक डोळा उघडला, मिटला. मंत्र पुन्हा पहिल्यापासून झाला. मासा खाली गेला, वर आला, शेपटी हलवून पुन्हा खाली गेला. मंत्र तिसऱ्यांदा झाला तेव्हा महाराजांचा आवाज बसला होता आणि मासा मात्र अगदी फिरायला आल्यासारखा मजेत होता. गर्दीत कुजबुज वाढली.

महाराज मोठे हुशार. ते एकदम हात वर करून म्हणाले, “धन्य! या बाळात विषच नाही!”

“असं कसं?” ऋचा म्हणाली. “तिच्या साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्या लशी झाल्यात. ताप किती चढला होता!”

“आजीचं पुण्य, पोरी! आजीच्या पुण्याईने जळून गेलं सगळं.”

क्षणात माझ्याभोवती कोंडाळं झालं. एक बाई तर चक्क माझ्या पाया पडली. रांगेत आमच्या मागेच गुणाबाई दीड वर्षाच्या नातीला, समृद्धीला, कडेवर घेऊन उभी होती. तीही म्हणाली, “बाई, तुमी इतक्या पुन्यवान, आनि मी तुमाला बोंबील म्हाग लावलं!”

मी हो-नाही म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कसलं पुण्य? बाळ तेच, दोरा तोच, मंत्र तोच, मासाही त्याच पडद्यामागचा. वेगळं होतं ते फक्त पाणी. बाकी सगळ्यांनी उकळलेलं आणलं होतं आणि माझं रांजणातलं होतं! अहो, सातवीच्या पोरांना मीच शिकवत होते की मासा पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतो आणि पाणी उकळलं की ती हवा निघून जाते. परीक्षेला प्रश्नसुद्धा काढला होता.

“महाराज,” मी हात जोडून म्हटलं, “पुण्यवान बाईची एक इच्छा पुरी कराल? समृद्धीच्या बरणीत मासा सोडा, पण दोरा बांधू नका.”

महाराजांचा चेहरा उतरला. “दोऱ्याशिवाय? कशाला? मुक्या जिवाला त्रास होईल!”

“त्रास कसला? विष तर दोऱ्यातून येतं ना? दोरा नाही तर मासा मजेत राहील.”

गर्दीला हे पटलं. शिष्य जागचा हलेना. तेव्हा गुणाबाईनेच समृद्धीला ऋचाकडे दिलं आणि पदर खोचला. “मासा मी सोडते. ह्याला माशाला धरायचं पन नीट ठाव नाय.” तिने आपलं घरचं उकळलेलं पाणी अलगद ओतलं, तेल सोडलं, मासा टाकला आणि काळा दोरा स्वतःच्या मुठीत गच्च धरून ठेवला.

मासा आधी भराभर फिरला. मग वर आला आणि तेलाखाली तोंड लावून उघडझाप करू लागला. मग तिरपा झाला. आणि बघता बघता त्याचं पांढरं पोट वर आलं.

गुणाबाईने मूठ उघडली. “दोरा तर माझ्या हातात हाय,” ती म्हणाली.

“घाई करा, अजून पुरता मेलेला नाही!” मी ओरडले. शेजारच्या चहावाल्याकडून दोन पातेली मागवली. गुणाबाईने मासा ओल्या ओंजळीत घेतला. मी बरणीवरचं तेल काढून टाकलं आणि तेच पाणी, ज्याला महाराज विष म्हणत होते तेच, या पातेल्यातून त्या पातेल्यात उंचावरून ओतायला लागले. चहावाले चहाला हेलकावे देतात ना, तसं. माझी साडी भिजली, कुणीतरी हसलं, पण मी ओततच राहिले. मग मासा त्यात सोडला. तो आडवाच पडला. मला वाटलं, गेला. मग कल्ला हलला. पुन्हा हलला. मासा डुगडुगत सरळ झाला आणि पातेल्याच्या कडेने पोहायला लागला. रेवाने टाळ्या पिटल्या. तिला नुकत्याच यायला लागल्या होत्या.

“पाणी तेच आहे,” मी सगळ्यांना म्हटलं. “उकळल्याने त्यातली हवा गेली होती. गच्च झाकणाने नवी हवा जाऊ दिली नाही. अलगद ओतल्याने आणि वरच्या तेलाने उरलीसुरली वाट बंद केली. मासा गुदमरला, बस! रेवाच्या बाटलीत मी वाटेत पाणपोईचं पाणी भरलं होतं, म्हणून तिचा मासा जगला. मी पाणी उंचावरून ओतलं, हवा मिसळली, मासा जगला. लशीचा इथे काही संबंधच नाही. तुम्ही पेन्शनरांच्या मांडीला दोरा बांधलात तरी मासा मरेल.”

“आणि तो ओंकार?” मागून एकाने विचारलं, आणि पडदा ओढला. मागे टबात मासे सुखाने पोहत होते, आणि फिश टँकला लावतात तो हवेचा छोटा पंप गुरगुर गुरगुर बुडबुडे सोडत होता. हसण्याचा असा कल्लोळ झाला की महाराज आसनावरून उठूनच उभे राहिले.

त्यांचं खरं नाव परेश. पूर्वी उरणला त्यांचं फिश टँकचं दुकान होतं. पोलिसांचं आणि जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव निघाल्यावर त्यांनी घडाघडा सांगून टाकलं. “गिऱ्हाइकांनीच शिकवलं, बाई. चांगले शिकलेले लोक मासे घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी भांडायला यायचे. म्हणायचे, आम्ही तर बाळासारखं उकळून गार केलेलं शुद्ध पाणी भरलं, तरी मेले! दुकान बुडालं, पण तेवढं डोक्यात राहिलं.”

आता यावर हसावं की रडावं? माशाला उकळलेलं पाणी घालण्याइतके आम्ही काळजी घेणारे लोक, आणि लेकराची लस तेवढी बाबाला विचारून देणारे. परेशने चिकटवलेली दाढी काढली, दारावरची पाटी उतरवली आणि ठाण्यात जबाब द्यायला गेला. एका गृहस्थाने जाता जाता त्याला मासे विकायचे आहेत का, असं विचारलंच.

रिक्षात बसल्यावर ऋचा म्हणाली, “पण आई, ताप? कितीतरी जणींनी सांगितलं की महाराजांकडे नेलं आणि ताप उतरला.”

“तो बाळाला आणायला कधी सांगायचा?”

“ताप आला की लगेच.”

“लशीचा ताप एक-दोन दिवसांत बहुतेक आपणहून उतरतो. रेवाचा उतरला होता की नाही? तेव्हा कुठे होता मासा?”

ऋचाने करार पाळला. लसीकरणाच्या दिवशी आम्ही आरोग्य केंद्रात गेलो, तर रांगेत पुढे गुणाबाई! समृद्धीच्या बऱ्याच लशी राहिल्या होत्या आणि आता डॉक्टर ओरडतील म्हणून ती घाबरली होती. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “पहिल्यापासून नाही घ्यावं लागणार, आजी. जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करू.”

ऋचाने त्यांना विचारलं, “थोडी मोठी झाल्यावर दिली तर नाही चालणार? एक वर्षानंतर वगैरे?”

“आईकडून मिळालेलं संरक्षण नवव्या महिन्यापर्यंत ओसरत आलेलं असतं,” त्या म्हणाल्या. “त्याआधी लस दिली तर ती नीट लागत नाही. उशिरा दिली तर मधल्या काळात बाळ उघडं पडतं. तारीख काही आम्ही पंचांग बघून काढत नाही.”

गोवराबरोबर त्या वयाच्या बाकीच्या लशीही दिल्या, तेव्हा रेवाने टाहो फोडला. संध्याकाळी अंग तापलं. ऋचा घाबरली, मीही घाबरले, खोटं कशाला सांगू? पण डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच औषध दिलं, सुती झबलं घातलं, अंगावर पाजलं. झटका आला किंवा बाळ मलूल होऊन प्रतिसाद देईना, तर थेट दवाखाना, हे दोघींनी पक्कं ठरवलं होतं. तशी वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रेवाच्या कपाळाला घाम आला, आणि ती माझा चष्मा ओढायला लागली. ऋचा तिला छातीशी धरून रडली.

पुढच्या आठवड्यात मागच्या बिल्डिंगमधलं बाळ दवाखान्यातून घरी आलं. आम्ही भेटायला गेलो. केवढं वाळलं होतं पोर! खुळखुळा वाजवला तरी हात पुढे करेना, नुसतं बघत होतं. मी त्याच्या आईला सुकापूरच्या महाराजाची गोष्ट सांगायला लागले. वाटलं, जरा हसेल बिचारी.

ती हसली नाही. म्हणाली, “आम्ही कुठल्या बाबाकडे गेलो नव्हतो हो, आजी. नवव्या महिन्यात गावाला लग्न होतं. मग ह्याला सर्दी झाली. मग माझं ऑफिस सुरू झालं. पुढच्या आठवड्यात नेऊ, पुढच्या आठवड्यात नेऊ, एवढंच म्हणत राहिलो.”

भोंदू पकडला म्हणून मी आठवडाभर मिरवत होते, आणि हे बाळ कुठल्याच भोंदूमुळे आजारी पडलं नव्हतं. परेशचा पडदा ओढता आला. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ याचा पडदा कोण ओढणार? तो तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

म्हणून सांगते, रागावू नका. कुणी चमत्कार दाखवला तर तो दोऱ्याशिवाय करून दाखवा म्हणा. पण त्याहीआधी घरातल्या बाळाची पुढची लस कधी आहे ते बघा, आणि त्या दिवशी त्याला घेऊन जा. चुकली असेल तर उद्याच जा. तुम्हाला कुणीही ओरडणार नाही.